डोंगराचं माप

तिने ओट्यावर लिंबू ठेवलं आणि हात बाजूला घेतला. लिंबू जरा वेळ विचार केल्यासारखं थांबलं, मग सावकाश शेगडीकडे घरंगळत गेलं.

"डावीकडे उतार आहे," ती खिडकीतून ओरडली. "पुढच्या चाकाखाली फळी सरकवा."

बाहेर तिचा नवरा गुडघ्यावर बसला, त्याने चाक हाताने चाचपलं आणि फळी त्याच्यापुढे नेऊन टेकवली. ती पुढे जाऊन स्टिअरिंगपाशी बसली, गाडी हातभर पुढे घेऊन फळीवर चढवली आणि परत येऊन लिंबू ठेवलं. या वेळी ते जागचं हललं नाही. म्हणजे आजपुरतं घर सरळ झालं.

या घराला चाकं होती. आत एक पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, पाण्याची टाकी आणि अंग चोरून अंघोळ करावी लागेल एवढीशी न्हाणी. लेकीने पहिल्याच दिवशी चिडवायला म्हणून त्याला 'बिऱ्हाड' म्हटलं होतं आणि तेच नाव चिकटलं. भाड्याचं घर सोडून, भांडीकुंडी वाटून टाकून दोघं बिऱ्हाडात राहायला आली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. डोंगर दिसला की थांबायचं, पायी हिंडायचं, मनासारखा उजेड मिळेपर्यंत मुक्काम ठोकायचा आणि फोटो झाला की पुढचा डोंगर गाठायचा.

त्याआधी त्याचा ओळखपत्रांचे फोटो काढायचा स्टुडिओ होता. एक खोली, एक स्टूल, मागे निळा पडदा. हनुवटी खाली, डोळे उघडे, हलू नका, एवढंच बोलत त्याचा जन्म गेला. दुकानाचं शटर शेवटचं ओढलं त्या दिवशी तो म्हणाला होता, "आता ज्याला हलू नका म्हणावं लागत नाही, त्याचेच फोटो काढणार." तिने हसून शिलाई मशीन लेकीकडे नेऊन ठेवलं होतं. थोड्या दिवसांसाठी, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

डोंगराच्या फोटोत एक अडचण असते. नुसता डोंगर काढला तर तो टेकाडाएवढा आहे की आभाळाला टेकलेला, काही कळत नाही. त्यात कुठेतरी एक माणूस उभं असलं की बघणाऱ्याला अंदाज येतो. त्या माणसाला तो 'माप' म्हणायचा, आणि माप म्हणजे अर्थातच बायको.

"आयुष्यभर लोकांची मापं घेतली," ती चढ चढताना कुरकुरायची, "आणि आता स्वतःच माप होऊन बसलेय."

लांबून आवाज पोचत नसे, म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या होत्या. त्याने ज्या बाजूचा हात हलवला त्या बाजूला तिने सरकायचं. दोन्ही हात वर म्हणजे थांब. डोक्यावरची टोपी काढली की फोटो झाला, ये खाली. सुरुवातीच्या फोटोंमध्ये ती तांदळाच्या दाण्याएवढी होती, शोधावी लागायची. अलीकडे मात्र तो तिला जवळ उभं करायला लागला होता. एवढ्यात तर कधीकधी तिचा चेहरासुद्धा कळायचा. मागच्या थंडीत त्याने स्वतः दुकानात शिरून तिच्यासाठी भडक नारिंगी जाकीट निवडलं होतं. ज्या माणसाने लग्नानंतर तिला कधी रुमालसुद्धा आपण होऊन आणला नव्हता, त्याने! सगळ्या गावाचे चेहरे काढता काढता बायकोचा एकटीचा फोटो काढायचा राहूनच गेला, हे त्याला उशिरा का होईना खुपायला लागलंय, असं तिने मनाशी धरलं होतं. कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण त्याचं तिला फार सुख वाटत होतं.

आज ती वेगळ्याच विचारात होती. लेकीने स्वतःच्या घराजवळ दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. पूर्वेला खिडकी, खिडकीखाली मशीन मावेल एवढी जागा. घरमालकाला आज उत्तर हवं होतं. "आई, बाबांना विचार," लेक चार वेळा म्हणाली होती, "नाहीतर घर हातचं जाईल." तिला ते घर हवं होतं. उघडलं की रोज तेच झाड समोर दिसेल असं एक दार हवं होतं. लिंबू न ठेवता चहा टाकता येईल असा ओटा हवा होता. कधी विषय काढला की तो म्हणायचा, एवढा एक डोंगर होऊ दे. आज हा डोंगर झाला की विचारायचंच, असं ठरवून तिने बुटाच्या नाड्या बांधल्या.

तो कॅमेरा आणि तिवई घेऊन बिऱ्हाडापुढच्या मोकळ्या जागेत गेला. ती बिऱ्हाडामागून वळसा घेत समोरच्या डोंगरावर जाणाऱ्या पायवाटेने निघाली. वाट सुरुवातीला मोठाल्या दगडांमधून जाई आणि मग कमरेएवढ्या गवतात शिरे. गवत दवाने निथळत होतं. तिथवर पोचल्यावर वारा अंगाला झोंबला आणि तिच्या लक्षात आलं, जाकीट दाराच्या खुंटीलाच राहिलंय.

"माप निघालं आणि रंग घरी," ती स्वतःशीच म्हणाली आणि मागे फिरली.

जाकीट काढून घेऊन ती पायरी उतरली तेव्हा तो चार पावलांवर पाठमोरा उभा होता. त्याने डावा हात हलवला. मग थांबून कॅमेऱ्यात पाहिलं आणि पुन्हा हलवला.

तिने समोर बघितलं. गवतापलीकडे, वाट जिथे वळते तिथे, चालणाऱ्यांना दिसावा म्हणून एक नारिंगी रंगवलेला खांब रोवला होता. आसपास दुसरं कोणी नव्हतं.

"अजून जरा," तो पुटपुटला. "अजून. हां, बास बास." त्याने दोन्ही हात वर केले.

खांब जागचा हलला नव्हता. पण त्याचं समाधान झालं. त्याने फोटो काढला, मग आणखी एक काढला, आणि डोक्यावरची टोपी उतरवून त्या खांबाकडे बघत हवेत हलवली.

तिच्या तोंडून हाकेचा 'अ' निघाला होता, तो तिने गिळला. हातातलं नारिंगी जाकीट तिला एकदम जड वाटायला लागलं. उठून दिसतो म्हणून घेतलेला रंग. गेल्या थंडीपासून पाठ दुखते म्हणत त्याने गाडी तिच्या हाती दिली होती. मघाशी त्याने चाक चाचपलं होतं, ते तिने पाहिलं होतं आणि तरीही पाहिलं नव्हतं. आणि फोटोफोटोगणिक ती जवळ येत गेली होती. त्याला ती हवीशी झाली म्हणून नव्हे, तर लांबची दिसेनाशी झाली म्हणून. तिला आधी रडू आलं ते याचं, आणि मग आपल्याला याचं रडू आलं म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

आता नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. अहो, तो खांब आहे, एवढं म्हटलं असतं की पुढचा डोंगर नव्हता, त्यापुढचाही नव्हता. बिऱ्हाड सरळ लेकीच्या दारात जाऊन उभं राहिलं असतं. दार, झाड, ओटा, सगळं पदरात पडलं असतं. पण ते त्याने द्यायला हवं होतं. असं काढून घेतलेलं तिला नको होतं.

ती पाय न वाजवता बिऱ्हाडाला वळसा घालून मागे गेली. दगडांच्या आड उभं राहून तिने जाकीट घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली, नाक पुसलं, आणि वरून उतरून यायला लागेल इतका वेळ तिथेच काढला. मग मुद्दाम खडे वाजवत खाली आली.

"आज शहाण्यासारखं ऐकलंस," तो लांबूनच म्हणाला. "नाहीतर डावीकडे म्हटलं की तुझं उजवीकडे."

"पाय अवघडले हो उभं राहून."

"बघ तरी कशी आलीयेस."

तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकून बघितलं. अख्खा डोंगर, त्यावर नुकतं उतरू लागलेलं ऊन, आणि खाली एका कडेला खांब.

"छान आलेय," ती म्हणाली. "बारीक झालेय जरा."

तो खूश होऊन हसला. जाकीट उतरवायला मदत म्हणून त्याने मागून तिची बाही धरली. वरच्या गवतातून जाऊन आलं की ते दर वेळी ओलंगच्च होऊन यायचं. बिऱ्हाडात पाणी गळायला नको म्हणून बाहेर झटकून मगच आत न्यायचं, हे काम त्याचं होतं. त्याचा हात बाहीवरून खाली गेला, जाकिटाच्या काठाशी आला आणि तिथेच थांबला. त्याने काठ दोन बोटांत धरून पाहिला. मग ते कोरडं जाकीट न झटकताच तिच्या हातात दिलं.

"चहा टाकतेस?" तो म्हणाला.

तिने आत जाऊन चहा टाकला तेवढ्यात फोन वाजला. लेक होती.

"विचारलंस का गं?"

"नाही."

"आई! तो माणूस थांबायला तयार नाही."

"मग दुसऱ्या कोणाला देऊ दे त्याला."

"अगं, तूच तर म्हणत होतीस, खिडकी पूर्वेला आहे म्हणून."

"म्हणत होते," ती म्हणाली. "यांचे अजून थोडे डोंगर राहिलेत. ते होऊ देत." आणि लेक काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला.

बिऱ्हाडाच्या भिंती पातळ होत्या. आतलं बोलणं बाहेर आणि बाहेरचं आत, यात कधीच काही लपून राहत नसे. तो दारात येऊन उभा राहिला. हातात कॅमेरा होता, तिवई नव्हती.

"पूर्वेची खिडकी म्हणजे सकाळचा उजेड चांगला असेल," तो म्हणाला.

"राहू दे ना आता. जाऊ दे."

"नाही, विचारतोय आपलं." तो आत आला आणि टेबलापाशी ठेवलेलं स्टूल त्याने पायाने खिडकीजवळ सारलं. "इथे बस जरा."

"आता कशाचं माप?"

"बस गं."

ती बसली. खिडकीतून येणारं ऊन तिच्या एका गालावर पडत होतं. तो समोर उभा राहिला, स्टुडिओत उभा राहायचा तेवढ्याच अंतरावर. मग आणखी जवळ सरकला. फोटोला लागतं त्याहून कितीतरी जवळ, इतका की त्याच्या श्वासाचा आवाज तिला ऐकू यायला लागला.

"हनुवटी खाली," तो म्हणाला. "डोळे उघडे."

"उघडेच आहेत."

"हलू नकोस."

मागे चहा उतू जाऊन शेगडीवर चरचरला. ती हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही तिने पुसलं नाही. त्याने कॅमेरा डोळ्यापाशी नेला, पुन्हा खाली घेतला आणि नुसताच तिच्याकडे बघत राहिला.

"दिसतेयस," तो म्हणाला. "अजून दिसतेयस."