शेंदूर लावलेली संत्री

जाम नदीच्या दोन काठांना बांधलेल्या दोरीजवळ यशवंतराव गुरुजी मोबाइल हातात धरून उभे होते. दोरीखालून संत्रं गेलं की बोट दाबायचं, एवढंच काम भाचीनं, मानसीनं, त्यांना दिलं होतं. ती वर वळणापाशी होती. तिथून एकेक संत्रं पाण्यात सोडायचं, सोडताना फोनवर सांगायचं, आणि खाली पोहोचायला किती वेळ लागला त्यावरून नदीचा वेग काढायचा, असं तिचं संशोधन.

"पण संत्रंच काऊन?" गुरुजींनी सकाळी विचारलं होतं.

"मामाजी, ते जवळजवळ बुडून वाहते. वाऱ्यानं ढकलल्या जात नाही. अन् आपल्याकडे झाडाखाली पडलेल्या संत्र्यांची काही कमी आहे का?"

त्या वेगावरून काढलेला पाण्याचा आकडा पाणी योजनेच्या कार्यालयात जाणार होता. नदीला हिवाळ्यात पुरेसं पाणी असेल, तर सावरगावच्या टेकडीवरच्या वस्तीलाही नळ; नसेल, तर पायथ्यापर्यंतच. गुरुजींचं घर टेकडीवर. कीर्तनाला जाताना ते नेमानं मारुतीपुढे थांबायचे आणि तेवढा एक नळ मागायचे.

म्हणून तर घोळ झाला. मानसीनं संत्र्यांवर पेनानं घातलेल्या खुणा पाण्यात पुसल्या जायच्या. गुरुजी म्हणाले, "थांब." देवळातून तेलात कालवलेला शेंदूर आणला, एकेका संत्र्याला टिळा लावला आणि पहिल्याला हातही जोडले. शेंदूर काही निघेना. मानसी खूश.

पहिलं संत्रं एक आरती होईल एवढ्या वेळात आलं. दुसरं अर्ध्या आरतीत. तिसऱ्याच्या वेळी तर जोडीच आली.

"मानसी, तू दोन सोडले काय?"

"नाही जी, एकच. तुमचं बोट तर चुकून दोनदा नाही ना दाबल्या गेलं?"

गुरुजींनी आधी बोटाकडे पाहिलं, मग नदीकडे. पाणी तेच, संथ. पळसाचं पान त्यांच्यासमोरून आरामात चाललं होतं आणि संत्री मात्र पळत होती! कीर्तनात बुवा आधी कोडं टाकतात आणि मग हळूहळू उलगडून दाखवतात. इथे कोड्यात कोडंच शिरत होतं. मारुतीरायानं वेग दिला म्हणावं, तर पानाला का नाही दिला?

फोनमधून मानसीचा आनंदी आवाज आला. "मामाजी, असंच येत राहिलं ना, तर टेकडीवर नळ पक्का!"

गुरुजींचा जीव सुपाएवढा झाला. तेवढ्यात टिळा लावलेलं आणखी एक संत्रं दोरीखालून निघून गेलं.

"आलं बघ हेही!"

"मामाजी," मानसी थांबून म्हणाली, "मी तर आता सोडलंच नाही."

गुरुजींनी चपला हातात घेतल्या आणि काठाकाठानं वर निघाले. मधल्या घाटावर टेकडीवरच्याच केसरबाई आणि चार-पाच जणी बसल्या होत्या. टोपलीत संत्री, वाटीत शेंदूर. केसरबाई टिळा लावायच्या, हात जोडायच्या, सोडून द्यायच्या.

"हे काय करून राहिल्या, बाई?"

"घ्या! तुम्हीच तं सुरू केलं, गुरुजी. शेंदराचं संत्रं वाहत आलं, म्हटलं नवस असन. आम्हालेबी नळ पाहिजे ना. का तुम्ही एकट्यानंच मागायचा?"

"नवस नाही हो. मोजणी आहे."

"मंग शेंदूर कायले लावला?" दुसरीनं टोमणा मारला. सगळ्या हसल्या.

 गुरुजी मानसीला काही बोलले नसते, तर आकडा मोठाच राहिला असता. पण नळ बसला आणि उन्हाळ्यात त्यातून नुसती हवा आली, तर? आणि देवाला मागितलेलं असं घ्यायचं? त्यांनी फोन कानाला लावला. "मानसी, पहिलं सोडून बाकी सारं खोडून टाक. नव्यानं मोजू."

बायांनी टोपली झाकली आणि भजन धरलं. उरलेली संत्री एकेक करून आली. दर वेळी पुरी आरती लागली, एकदा तर थोडी जास्तच.

मानसी खाली आली ती हिशेब करतच. "पायथ्यापर्यंत येईल, मामाजी. टेकडीवर नाही चढणार."

केसरबाई मागोमाग आल्या होत्या. "म्हणजे नदीवर यायचं काम नाही. पायथ्याले उतरलं की झालं. मारुती अर्धा पावला म्हणा की!"

"पण बाई, हा आकडा तर तुमची संत्री वगळून आला."

"मंग आमची कुठं गेली?"

गुरुजींनी मानसीकडे पाहिलं, मानसीनं नदीकडे. दोरीच्या पुढे, खालच्या वळणावर एक शेंदरी टिळा अजून दिसत होता. तो कोणाचा, हे ओळखायला काही मार्ग नव्हता. गुरुजींनी त्याला हात जोडले, आणि आभार मानायचे की पुन्हा मागायचं, हे ठरेना म्हणून तसेच उभे राहिले.