पन्हळ बुजवलेली तलवार

मी मोतीराम लोहार, वरवट बकालचा. ह्या हातानं लय लोखंड सरळ केलं, पन ती एक तलवार अजून डोळ्यापुढून हालत नाई. मले माह्या कारागिरीची घमेंड होती. ती भोवली कोनाले, तं सोजराबाईले.

सोजराबाईचा एकुलता एक पोरगा अर्जुन लढाईसाठी ब्रह्मदेशात गेला होता. जपान्यांनी हत्यारं टाकली तवा त्याले एक जपानी तलवार भेटली. त्यानं मायले पत्रात लिवलं, का ही हवेत फिरवली का शीळ घालते, आलो का तुले आयकवतो. मंग तो तापानं तिकडंच गेला. तलवार घरी आनली त्याच्यासोबत पलटनीत असलेल्या, गावच्याच इंद्रभाननं. बुढीले डोळ्यानं दिसे नाई. दर दसऱ्याले इंद्रभान अंगनात एक वार हवेत मारे, शीळ वाजे, अन् बुढी म्हने, आला माहा अर्जुन. पोराचं दहावं तिनं कोनाले करू देलं नाई.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या साली इंद्रभाननं त्या तलवारीनं खंडेनवमीचं कोहळं कापलं. हात तिरपा पडला अन् पातं वाकलं. दसरा दुसऱ्याच दिवशी, म्हनून तो पळतच माह्या भट्टीवर आला.

पात्याच्या दोन्ही अंगाले, पाठीजवळून, लांबच लांब पन्हळ कोरलेली होती. मी म्हनलं, अरे येड्या, हे रगत वाहून जायाची नाली हाय, हिच्यानंच पातं कमजोर झालं. तो म्हने, नुसतं सरळ करून दे. पन मी कायचा आयकतो! त्याले घरी धाडलं, पातं भट्टीत लाल केलं, ठोकून सरळ केलं अन् दोन्ही पन्हळींत पितळ वितळवून भरलं. मंग कानस मारून असं गुळगुळीत केलं, का मीच माही पाठ थोपटली.

दसऱ्याले आपट्याचं सोनं घेऊन मी बी गेलो, शाबासकी घ्यायले. सोजराबाई ओट्यावर बसेल होती. इंद्रभाननं तलवार उचलली अन् माह्याकडं पायलं. टोकाकडं जड झाल्यानं त्याचं मनगट खाली जाऊन राह्यलं होतं. त्यानं वार मारला. काईच वाजलं नाई. पुन्हा मारला, पुन्हा तेच.

तवा माह्या डोक्यात उजेड पडला. वारं त्या पन्हळीतच बोले. ज्या जपानी कारागिरानं ती घडवली, त्यानं लोखंड कोरून पातं हलकं केलं, पन पाठ जाड ठेवली, म्हनून सरळ वाराले ते खंबीर होतं. सोसे नाई तं फक्त तिरपा वार. अन् मी त्या कारागिराले येड्यात काढलं. आता पितळ कोरून काढलं तरी काय? पन्हळीचे काठ कानशीनं खाल्ले होते, अन् भट्टीनं पात्याचं पानी, म्हंजे त्याचा कडकपना, उतरवलं होतं.

"मावशे, माहं चुकलं," मी म्हनलं अन् सारं सांगून टाकलं. लय लाज वाटली.

तिनं तलवार मांडीवर घेतली. पन्हळ होती तिथून बोट फिरवलं, टोकापर्यंत.

"इंद्रभान," ती म्हनली, "आता अर्जुनचं दहावं करून टाक."

पंधरा वर्सांचं रडनं ती त्या दिवशी रडली. नदीवर दहावं झालं, तवा इंद्रभानच्या बाजूले बसून मी बी डोक्याचे केस काढले. माहं अन् अर्जुनचं काईच नातं नव्हतं.