शेजारचं विरजण

वासंतीने घरच्या दह्यावर झाकण ठेवलं, भांडं फडताळात मागे सारलं आणि रिकामी वाटी घेऊन ती शेजारच्या गंगुबाईंच्या दारात उभी राहिली.

"गंगुबाई, जरा विरजण मिळेल का? आमचं दही नासलं."

गंगुबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. संक्रांतीपासून दोघींचं बोलणं बंद होतं. वासंतीच्या हळदीकुंकवाला बायका जमत होत्या आणि गंगुबाई नेमक्या जिन्यात समोर आल्या. "या विधवा बाईला आजच बाहेर पडायचं होतं?" असं वासंती चारचौघींत बोलून गेली. डोंबिवलीच्या त्या चाळीत भिंतींनाही कान होते, आणि जिन्यात तर मध्ये भिंतही नव्हती.

आता लेकीला, शुभदेला, ठाण्याचं स्थळ आलं होतं. मुलाची आई गंगुबाईंच्या माहेरची निघाली. त्यांना विचारल्याशिवाय ती होकार देणार नव्हती. वासंती लाडू घेऊन जायला निघाली होती, पण नवऱ्याने अडवलं. प्रभाकर शाळामास्तर, बी.टी.च्या परीक्षेसाठी सध्या मानसशास्त्र वाचत होता.

"लाडू नेलेस तर त्यांना वास येईल. उलट तूच काहीतरी माग. आपण ज्याला देतो ना, त्याच्यावरच आपला जीव जडतो. मन असंच उफराटं असतं."

"भलतंच काहीतरी तुमचं!" ती म्हणाली होती. पण गरजवंताला अक्कल नसते.

गंगुबाईंनी वाटीत दही घातलं. दोन-चार दिवसांनी वासंती तीच सबब सांगून पुन्हा गेली. मग पुन्हा. हळूहळू गंगुबाई स्वतःच हाक मारू लागल्या, शुभदेला आंबट सोसतं ना म्हणून विचारू लागल्या. ठाण्याच्या बाई येऊन त्यांच्याकडे तासभर बसल्या आणि जाताना होकार देऊन गेल्या. प्रभाकर दोन दिवस मिशीत हसत होता.

साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी वासंती पेढे घेऊन गेली. गंगुबाई कोरा चहा पीत होत्या.

"दूध संपलं वाटतं?"

"अगं, येतं ते सगळं विरजायलाच लावते. मला कुठे रोज दही सोसतं? पण तुझी वाटी रिकामी परत जायला नको."

वासंतीचं तोंड गोरंमोरं झालं. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती.

"गंगुबाई, संक्रांतीला मी..."

"असू दे गं. मीच बघून बाहेर पडायला हवं होतं." त्यांनी पेढा कपाळाला लावला. "उद्याची काळजी करू नकोस हो. पाहुणे जाईपर्यंत मी दार लावूनच बसेन."

नाही, तुम्ही या, पुढे बसा, असं म्हणायला वासंतीने तोंड उघडलं. उद्याच्या विहीणबाई तिच्या डोळ्यांपुढे आल्या, सुवासिनी आल्या, शुभदेची ओटी आली.

"बरं," ती म्हणाली.