बांधावरचा फोटो

बन्सीने खुरपं खाली ठेवलं आणि बाभळीच्या आडून पुन्हा पाहिलं. शाळेतला नवा मास्तर, सम्राट, बांधावरच्या दगडापाशी उकिडवा बसून टेप ताणत होता. टेपचं एक टोक दगडाला, दुसरं तिपाईवरच्या भात्याच्या जुन्या कॅमेऱ्याला. मग त्याने खिशातून वही काढून आकडा लिहिला, कॅमेरा चार पावलं मागे नेला आणि पुन्हा टेप लावला.

फोटो काढायला टेप कशाला? बन्सीने गावातली कितीतरी लग्नं पाहिली होती. एकाही फोटोग्राफरने नवरदेवाला टेप लावला नव्हता. आणि नेमका हाच बांध! अलीकडे बन्सीचं रान, पलीकडे चांगुणाचं, म्हणजे त्याच्या वारलेल्या थोरल्या भावाच्या बायकोचं. तो धोतर झटकत पुढे झाला.

"मास्तर, काय चाललंय?"

"प्रयोग, बन्सीकाका. नगरला एक जुना स्टुडिओ बंद पडला, तिथून हा कॅमेरा आणला. रोलही तिथलाच. एकोणऐंशी सालीच मुदत संपलीय त्याची."

"म्हंजी सोळा वर्सं झाली की."

"म्हणूनच बघायचंय, काय उमटतं ते."

"आन ह्यो टेप?"

"ह्याच्या भिंगावर फुटांचे आकडे आहेत. अंतर मोजून लावलं नाही तर फोटो धूसर येतो."

"असं व्हय," बन्सी म्हणाला. पण त्याचा एका अक्षरावरही विश्वास बसला नाही. मुदत संपलेलं औषध माणूस उकिरड्यावर टाकतो, आणि हा शिकलासवरलेला गडी मुदत संपलेला रोल घालून एप्रिलच्या उन्हात दगडाचे फोटो काढतो म्हणे! नक्की कुठंतरी पाणी मुरत होतं. संध्याकाळी मास्तर चांगुणाच्या ओट्यावर चहा पिताना दिसला, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. वहिनीने वकील गाठला असणार आणि वकिलाने ह्याला धाडला असणार.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही उगाच नाही. भाऊ गेल्यापासून दरसाल नांगरताना बन्सी तो बांध एकेक तास वहिनीच्या रानात सरकवत आला होता. एकच तास, नांगराच्या फाळाने पडते तेवढी एक चर. वीतभर जमिनीला कोण विचारतंय, असं तो स्वतःला सांगायचा. त्यात गंमत अशी, की गावात कुणाचं बांधावरून वाजलं की पंच म्हणून बन्सीलाच बोलावणं यायचं. तो फोटो कचेरीत गेला तर पारावर कोणत्या तोंडाने बसायचं? त्याला भाकर गोड लागेना.

दोन दिवसांनी चांगुणा माहेरी गेली. बन्सीने बांधबंदिस्तीचं निमित्त काढून फावडं उचललं. नऊ वर्षांत सरकलेली माती त्याने तीन दिवस खपून जुन्या जागी नेली, दगडही ओढून नेला. कंबरडं पार मोडलं. पण मन हलकं झालं, इतकं हलकं की त्याचीच त्याला लाज वाटली.

चांगुणा माहेराहून आली, रानात जाऊन बांधावरची ताजी माती पाहून आली आणि थेट त्याच्या दारात उभी राहिली.

"भावजी, बांध हालवला तुमी."

"दुरुस्त केला, वहिनी."

"मी घरी न्हाई, तवाच बरा दुरुस्तीला आला? उद्या सकाळी भावकी बोलावते. सांगा तितं, किती खाल्लं ते."

ती गेल्यावर बन्सी तसाच उठून मास्तराच्या खोलीवर गेला. जो फोटो जळून जावा म्हणून त्याने आठवडाभर देव पाण्यात घातले होते, तोच आता त्याला हवा होता. बांध आधी कुठं होता, हे दुसरं कोण सांगणार?

मास्तर खुशीत होता. न्हाणीत रोल धुऊन त्याने फोटो दोरीवर वाळत घातले होते.

"बघा काका, काय आलंय!"

कागदावर ताकासारखं पांढुरकं काहीतरी पसरलेलं, मधे चार काळे ठिपके. बांध नाही, दगड नाही.

"ह्यात रान कुटं हाय?"

"तेच तर सापडत नाही," मास्तर हसून म्हणाला.

म्हणजे हा बाबा खरंच प्रयोग करत होता. बन्सीला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. तरीही तो फोटो मागून घेऊन तो चांगुणाकडे गेला. ती ओट्यावर डाळ निवडत बसली होती. त्याने फोटो तिच्यापुढे ठेवला.

"वहिनी, बांध मी हालवला. पन माघारी हालवला. तुमच्या रानातनं माज्या रानात."

"माघारी?" तिने फोटो उलटसुलट करून पाहिला. "मंग फुडं कवा आला हुता?"

अजूनही काहीबाही सांगून सुटता आलं असतं. फोटोत काही नव्हतं आणि पाहणारंही कुणी नव्हतं.

"दादा गेल्यापासनं," बन्सी म्हणाला. "दरसाल एक तास."

ती शिव्या देईल म्हणून तो खाली मान घालून उभा राहिला. चांगुणाने सूप बाजूला सारलं आणि उजव्या हाताच्या उघड्या तळव्याकडे पाहत राहिली.

"दरसाल मोजून तेवढंच बी घ्यायची, तरी पेरताना वटीत उरायचं," ती म्हणाली. "मला वाटायचं, पाभरीत बी सोडताना माजीच मूठ आखडती पडतीया. नऊ वर्सं मी ह्या हाताला बोल लावला, भावजी."