डावी खुर्ची आणि सत्तरचा आकडा

वेन्डल प्रुइटच्या होडीला ताशी सदुसष्ट मैल गाठता येत होते. माणसाला यात सुखाने मरता यायला हवं. पण ओडेलच्या गळ-आमिषाच्या दुकानात, गांडुळांच्या फ्रीजवरच्या भिंतीला टोप्या ठोकलेल्या होत्या, आणि त्यात वेन्डलची नव्हती.

रीत साधी होती. ज्याची होडी सत्तर गाठेल त्याने आपली टोपी त्या भिंतीवर ठोकायची. अट एकच, चालवणाऱ्याच्या शेजारच्या डाव्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं पाहिजे आणि त्याने आकडा डोळ्यांनी बघितलेला पाहिजे. एकट्याने गाठलेला वेग आमच्या तळ्यावर कुणी धरत नाही. एकटा असताना प्रत्येकाचा मासाही हातभर लांब असतो.

वेन्डलचा मेहुणा रॉईस याची टोपी भिंतीच्या बरोबर मधोमध होती.

"काय दाजी," रॉईस रोज विचारायचा, "होडी आहे की बाथटब?"

वेन्डल गावभरचे एसी दुरुस्त करायचा. त्यामुळे जगातलं कुठलंही यंत्र आपल्याला कळतं, असा त्याचा ठाम समज होता, आणि तो समज खोटा पाडायची संधी त्याने आजवर एकाही यंत्राला नाकारली नव्हती. त्याने होडीला ढकलणारा पाण्यातला पंखा बदलला, पात्यांना जास्त पीळ असलेला बसवला. इंजिन दमलं. मग कमी पिळाचा बसवला. इंजिन नुसतं किंचाळलं आणि होडी होती तिथेच. मग कुणीतरी सांगितलं की इंजिन वर घे, पाण्यात जितकं कमी बुडेल तितकं पळेल. वेन्डलने एक बोट वर घेतलं, मग आणखी एक. तिसऱ्या बोटाला पंखा पाण्याऐवजी हवा खायला लागला आणि इंजिनाला थंड करणारं पाणीच मिळेना. इंजिन तापल्याचा भोंगा वाजला. तळ्याच्या मध्यावर होडी बंद पाडून वेन्डल बसला आणि किनाऱ्यावरच्या लोकांना हात हलवत राहिला, जणू हे सगळं ठरवूनच चाललं होतं.

"वजन," तो घरी येऊन म्हणाला. "सगळा घोटाळा वजनाचा आहे."

बाथरूममधला वजनकाटा त्याने गॅरेजमध्ये आणला. होडीच्या मागच्या कप्प्यांमधून नांगर काढला, जादा बॅटऱ्या काढल्या, अवजारांची पेटी काढली. बायकोची, म्हणजे व्हर्लीनची, बर्फाची मोठी पेटी काढली. त्यात गोड चहाच्या बरण्या, अंड्याचे सँडविच आणि का कोण जाणे, एक लोखंडी तवा असायचा. एकेक वस्तू काट्यावर ठेवून तो आकडा मोठ्याने म्हणायचा आणि मान हलवायचा. व्हर्लीन दारात उभी राहून बघत होती. लग्न झाल्यापासून त्या होडीतली, आणि तिच्या आधीच्या दोन होड्यांमधली, डावी खुर्ची तिची होती.

शेवटची वस्तू उतरवून झाली. काटा रिकामा झाला. आणि वेन्डलने वर बघून बायकोकडे पाहिलं.

तो एक शब्दही बोलला नाही. नंतर कित्येक दिवस तो स्वतःला हेच समजावत होता, की मी कुठे काय बोललो? पण त्याने आधी काट्याकडे पाहिलं होतं, मग तिच्याकडे, मग परत काट्याकडे. गाढवालासुद्धा कळलं असतं, आणि व्हर्लीन तर चर्चच्या केक-स्पर्धेची परीक्षक होती.

"बरं," ती म्हणाली. तिने खुंटीवरची आपली गवती हॅट काढली आणि घरात नेऊन कपाटात ठेवली. "आता त्या खुर्चीत ओडेलला बसव. नाहीतर फुगा बांध."

मोकळी होडी घेऊन वेन्डल एकटाच पाण्यावर गेला. अंगात नवा जोर, मनात टोपीसाठी खिळा निवडून झालेला. पायाने पॅडल तळापर्यंत दाबलं. आकडा चढला, चढला आणि चौसष्टवर बसला.

चौसष्ट! म्हणजे बायको घालवून, चहा घालवून, त्याने पदरात तीन मैल कमी पाडून घेतले होते. त्याने डाव्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर ऊन पडलं होतं. इतकी वर्षं तो आकडा बघायचा आणि ती बोलत असायची, आणि आपण ते ऐकतच नाही असं त्याला वाटायचं. आता ऐकायला काहीच नव्हतं आणि ते त्याला सहन होईना.

शेवटी नाक मुठीत धरून तो रॉईसकडे गेला. रॉईसने धक्क्यावरून होडीची एक फेरी बघितली आणि गुडघ्यावर हात मारत खाली बसला.

"दाजी, अहो, नाक बुडतंय तिचं! मागचं सगळं वजन काढलंत ना? होडी शेपटीवर बसली पाहिजे, म्हणजे तोंड पाण्याबाहेर येतं. तोंड वर असेल तरच इंजिन वर घ्यायचं. तुम्ही म्हणजे कुत्र्याची शेपटी कापून त्याला पळायला लावताय."

"म्हणजे व्हर्लीनची पेटी..."

"ठेवा परत मागे, तव्यासकट. आणि ताईला काय बोललात?"

"मी काही बोललो नाही."

"तेच तर तिने फोनवर सांगितलं," रॉईस म्हणाला.

वेन्डलने इंजिन दीड बोट खाली आणलं, पहिला पंखा परत चढवला, मागचे कप्पे होते तसे भरले. मग स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. माफी मागायची त्याला सवय नव्हती. एसी दुरुस्त करणाऱ्याला ती लागत नाही, तो फक्त गॅस कमी झाला होता म्हणतो.

"मी मूर्ख आहे," तो म्हणाला.

"हे मला नवीन नाही."

"तू नसलीस की होडी हळू जाते."

व्हर्लीनने पिठाचे हात थांबवले. "तुला बायको पाहिजे की साक्षीदार?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. "दोन्ही," वेन्डल म्हणाला. "पण साक्षीदार कुणीही चालेल. त्या खुर्चीत दुसरं कुणी मला बघवणार नाही."

तिने बराच वेळ हात धुतले. मग कपाट उघडून हॅट काढली.

पाणी सकाळचं, किंचित लहरींचं होतं. सत्तरच्या आसपास होडी डावी-उजवी डुलायला लागते, म्हणून वेन्डलचे दोन्ही हात चाकावर आणि डोळे समोर. आकडा व्हर्लीन वाचत होती. "पासष्ट. सदुसष्ट. वेन्डल, अडुसष्ट!" होडीचं तोंड असं उचललं गेलं की खालून पाण्याचा आवाजच बंद झाला. "एकोणसत्तर! एकोणसत्तर पॉइंट..."

आणि तिची हॅट उडाली.

वेन्डलचा पाय त्याला न विचारता पॅडलवरून सुटला. होडी धपकन पाण्यावर बसली. त्याने वळवली आणि हॅटच्या दिशेने निघाला.

"थांबलास का!" व्हर्लीन ओरडली. "मी वाचत होते ना!"

"तुझी हॅट..."

"खड्ड्यात गेली हॅट! चढत होता आकडा!"

ओडेलच्या दुकानात सगळे थांबलेले होते. ओडेलने हातोडी काढूनच ठेवली होती. सगळ्यांनी व्हर्लीनकडे पाहिलं, कारण या बाईने स्वतःच्या आईच्या केकला पाचवा नंबर दिला होता आणि त्यावरून आईचा वर्षभर अबोला सोसला होता. वेन्डल मनातल्या मनात म्हणाला, देवा, एवढं एकदा, दोन दशांश.

"एकोणसत्तर पॉइंट आठ," व्हर्लीन म्हणाली.

"अगं ताई," रॉईसलाही वाईट वाटलं, "म्हणजे सत्तरच की."

"सत्तर म्हणजे सत्तर."

ओडेलने हातोडी परत ठेवली. वेन्डलने आपली टोपी डोक्यावर घट्ट बसवली आणि हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही, मग खरंच हसू आलं. गावात आता आयुष्यभर हेच चालणार होतं, की प्रुइट हॅटसाठी थांबला.

व्हर्लीन काउंटरवर वाकली. तिच्या हातातल्या हॅटमधून अजून पाणी ठिबकत होतं.

"ओडेल, जाडातला जाड गळाचा दोर दे. हातभर पुरे."

"कुठला मासा धरणार आहेस?"

"मासा नाही," ती म्हणाली. "उद्या हॅट हनुवटीला बांधून बसायचं आहे."

वेन्डल गांडुळांच्या फ्रीजकडे वळला आणि कितीतरी वेळ तिथेच बघत राहिला, जणू त्याला गांडुळं निवडायची होती.