डाव्या हाताचं माप

ज्ञानेश घरात बसला की त्याचा पाय हलायचा. खुर्चीत बसला तरी, ओट्यावर बसला तरी, जेवायला मांडी घातली तरी गुडघा थरथरत राहायचा आणि ताटलीतली आमटी हिंदकळायची. त्याच्या बायकोला, मनीषाला, आधी त्या पायाचा राग यायचा. मग राग आला म्हणून स्वतःचा राग यायचा.

सप्टेंबरात नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली त्याचा डावा हात सापडला होता. तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं, अनामिका निम्मी राहिली. अंगठा आणि करंगळी तेवढी वाचली. जखम भरली, टाके निघाले, "आता हात वापरत जा," असं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलं. पण सायखेड्याला आल्यापासून तो हात पँटच्या खिशातच राहिला. जेवताना मांडीखाली, पाहुणे आले की पाठीमागे. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि अपघातानंतर मनीषाने तो हात धडपणे दोनदाच पाहिला होता. एकदा दवाखान्यात पट्टी बदलताना, आणि एकदा दुपारी तो झोपला असताना.

दिवाळीनंतर हर्षलचा फोन आला. हर्षल त्याच्या शेजारच्या मशीनवर होता. साहेब म्हणतात इन्स्पेक्शनला जागा आहे, बसून माप तपासायचं काम, जानेवारीत ये.

"बघतो," ज्ञानेश म्हणाला आणि फोन ठेवून बाहेर गेला.

बाहेर म्हणजे फाटकापर्यंत. तिथून परत. मग गोदावरीच्या काठाने घाटापर्यंत, आणि परत. घरात आला की कपाट उघडून बघायचा, बंद करायचा. बारीक पान्याने सायकलची चेन सोडवायची, ती एका हाताने बसत नाही म्हणून तशीच टाकायची. सासूबाई, सगुणाबाई, एकदा मनीषाला म्हणाल्या, "वासरू खुंट्याभोवती फिरतं ना, तसं झालंय गं ह्याचं. दावं कुठं हाय ते दिसत नाय."

डिसेंबरात थंडी पडली. निफाडच्या बाजूला पडते तशी, पहाटे द्राक्षबागांत लोकांनी शेकोट्या पेटवाव्यात अशी. गार वारा लागला की त्याचा हात ठणकायचा. नसलेली बोटंच जास्त दुखायची. एकदा तो तिला म्हणाला होता, "मधल्या बोटाचं नख दुखतंय." नाशिकला जाऊन त्याने रस्त्यावरून हातमोजे आणले. ते घातले की रिकामी बोटं लोंबायची, वस्तू धरताना मुडपून हाताखाली यायची. त्याने मोज्याची दोन बोटं कात्रीने कापली, भोकं दोऱ्याने बांधली, गाठ जखमेला टोचली. तिसऱ्या दिवशी ते मोजे चुलीत गेले.

तेव्हाच मनीषाच्या डोक्यात आलं. बोटं नकोतच. एक अंगठा आणि बाकी सगळ्याला मिळून एकच पिशवी. शाळेत असताना तिने बाळाचे हातमोजे विणले होते, तसेच, फक्त मोठे.

शेजारच्या दत्तूभाऊंच्या रानात तेव्हा मेंढरं बसली होती. नांदगावकडचे धनगर होते, शेताला खत मिळतं म्हणून भाऊंनी रानातच मेंढरं कोंडायचा वाडा बसवून घेतला होता. त्यातली सरूबाई सबंध दिवस चाती फिरवत असायची. चाती म्हणजे हातात मावेल एवढी लाकडी टकळी. मेंढरांमागे चालताना, भाकरी भाजायची वाट बघताना, बोलताना, तिच्या हातून लोकरीचा धागा निघतच राहायचा. मनीषाने तिच्याकडून पांढऱ्या लोकरीच्या दोन लडी आणल्या. सरूबाई म्हणाली, "पांढरी लय मळती. कांद्याच्या सालात उकळ. तुरटी टाकायला इसरू नको, नायतर रंग धरत नाय."

कांदा साठवायची चाळ घरचीच, सालांना तोटा नव्हता. मनीषाने लोकर रिठ्याच्या पाण्यात तीन वेळा धुतली तरी मेंढराचा वास जाईना. मोठ्या पातेल्यात सालं उकळली, पाणी गाळलं, तुरटीत भिजवलेली लोकर त्यात सोडली. रंग चढला तो गुळासारखा, पण कुठे गडद, कुठे फिका. धागाही कुठे सुतळीएवढा जाड, कुठे बारीक. दोरीवर वाळत घातला तर ज्ञानेशने विचारलं, "हे काय?"

"आईंना पायपुसणं करतेय," ती म्हणाली. आपण खोटं का बोललो ते तिला लगेच कळलं नाही.

तो नदीवर गेला की ती विणायची. पाच दिवस विणलं. अडचण एकच होती. माप. हात दाखवा म्हणायची तिची हिंमत होत नव्हती. तिने आपल्या हातावर अंदाज घेतला, त्याच्या उजव्या हातावरून नजरेने घेतला. विणता विणता टाके चुकायचे, कारण कान फाटकाकडे लागलेले असायचे. फाटक वाजलं की सुया पिठाच्या डब्यामागे.

शनिवारी दोन्ही मोजे झाले. संध्याकाळी तो ओट्यावर बसला होता, पाय हलत होता. तिने ते त्याच्या मांडीवर ठेवले.

त्याने उचलून पाहिले. उजवा घातला. मग तिच्याकडे पाठ करून डावा घातला. अंगठ्याचं भोक अंगठ्यावर येत नव्हतं. त्याने ओढून पाहिलं.

"उजव्या हाताला कशाला?" त्याने विचारलं.

"दोन्ही घातले की कळत पण नाही काही," मनीषा म्हणाली.

शब्द तोंडातून गेले आणि तिला वाटलं, जीभ चावावी.

"झाकायला केलेस," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तसं सांगायचं ना. पायपुसणं म्हणाली होतीस."

"तसं नाही हो. ऐका तरी."

त्याने मोजे काढून खिशात कोंबले आणि तो निघाला. फाटकापाशी थांबला नाही.

मनीषा आत आली. तिने कणीक मळायला घेतली आणि पाणी जास्त पडलं. पीठ घातलं तर घट्ट झाली. तांदूळ निवडायला घेतले, ताट तसंच ठेवलं. नदीला सध्या पाणी किती आहे हा विचार तिच्या मनात आला आणि तो मनातून जाईना. ती फाटकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी सगुणाबाई म्हणाल्या, "बस ना जरा."

"बसवत नाही."

"मग जा बघायला. मी हाय घरी."

तिने चप्पल घातली. घाटावर दोन बायका कपडे पिळत होत्या. ज्ञानेश तिकडे दिसला नाही, असं त्या म्हणाल्या. ती काठाने पुढे चालत राहिली. ऊस लागला, मग मळ्याची वाट. दिवस मावळायला आला होता. तेवढ्यात तो समोरून येताना दिसला, दत्तूभाऊंच्या रानाकडून. दोघं एकमेकांसमोर थांबले.

"तू कुठे निघालीस?" त्याने विचारलं.

"कुठे नाही."

दोघं घराकडे चालू लागले. थोडं चालल्यावर त्याने आपणहून सांगितलं.

तो रागात चालत सुटला होता तो मेंढरांच्या वाड्यापाशी पोचला. सरूबाईने त्याला ओळखलं नाही, पण खिशातून लोंबणारा मोजा ओळखला. "ही माझी लोकर हाय," ती म्हणाली. "बघू." मोजा हातात घेऊन तिने उलटासुलटा केला. मग म्हणाली, "अन् हात?"

"कसला हात?"

"ज्याच्यासाठी इणलाय तो."

का कोण जाणे, त्याने खिशातून हात काढला. सरूबाईने तो आपल्या दोन्ही हातांत धरला, मेंढराचा खूर तपासावा तसा वळवला, जखमेवरून अंगठा फिरवला. हळहळली नाही. "आमच्या धन्याचं एक बोट लांडग्यानं नेलंय," एवढंच म्हणाली. मग मोजा हातावर ठेवून बघितला. "अंगठा इथं, अन् भोक तिथं. असं कुणी करतं का? माप न्हवतं घेतलं तिनं?"

"मी दिलं नाही."

"मंग कशाच्या आधारानं इणणार ती?" सरूबाई म्हणाली आणि चाती उचलून मेंढरांकडे वळली.

घर येईपर्यंत मनीषाला त्याच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

आत आल्यावर त्याने जुन्या वहीचा कागद फाडला, टेबलावर ठेवला, त्यावर डावा हात पालथा टेकवला. दिव्याखाली. "काढ," तो म्हणाला.

तिने पेन्सिल घेतली. अंगठ्याच्या बाजूने सुरुवात केली. जिथे बोटं नव्हती तिथे कातडी गुलाबी आणि ताणलेली होती. पेन्सिल तिथे आली तेव्हा तिचा हात थांबला.

"दुखत नाही," तो म्हणाला. "गुदगुल्या होतात."

मग कपाटातून त्याने व्हर्नियर काढला, कारखान्यात माप घ्यायचा. पंज्याची रुंदी घेतली, अंगठ्याचा घेर घेतला, मनगटापासून अंतर घेतलं आणि कागदावरच्या आकृतीत आकडे भरले. मग विणलेल्या तुकड्यावर व्हर्नियर लावून विचारलं, "दहा टाक्यांना किती मिलिमीटर?"

"मला काय माहीत. धागा कुठे जाड आहे, कुठे बारीक."

"मग सरासरी काढू."

मनीषाने डावा मोजा उसवला. दुसऱ्यांदा विणला तर मनगटाशी सैल झाला. त्याने सहा टाके कमी करायला सांगितले. तिसऱ्यांदा विणला तर शिवण नेमकी जखमेवर आली.

"शिवणच नको," तो म्हणाला.

"शिवण नको तर चार सुयांवर गोल विणावं लागतं. माझ्याकडे दोनच आहेत. आणि मला आता कंटाळा आलाय. तुम्ही दिवसभर डोक्यावर बसता."

त्याने मोडक्या सायकलच्या चाकातून चार तारा काढल्या. ओट्यावर बसून त्यांची टोकं कानशीने घासायला लागला. तार धरायला काहीतरी हवं होतं, आणि ती धरली होती डाव्या हाताने, अंगठा आणि करंगळीमध्ये. मनीषा दारातून बघत होती. ती आत निघून गेली, कारण तिथे उभी राहिली असती तर काहीतरी बोलली असती.

चौथ्यांदा मोजा बसला. खरखरीत होता, मनगटाला खाजायचा, पावसात भिजला की मेंढराचा वास मारेल असं सगुणाबाई म्हणाल्या. पण अंगठा अंगठ्याच्या जागी होता आणि आत हात गरम राहत होता. त्याने उजव्याही हाताचं माप दिलं. "दोन्ही हातांना थंडी वाजते," तो म्हणाला, आणि त्या विषयावर एवढंच.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी तो सकाळच्या एसटीने अंबडला गेला. मनीषाचा दिवस सरेना. तिने धुतलेली भांडी पुन्हा धुतली. चारला फोन केला, त्याने उचलला नाही. सहा वाजता तो आला, पाणी प्याला, आणि उभ्याउभ्याच सांगायला लागला.

हर्षलने गेटवरून आत नेलं होतं. साहेब चांगलं बोलले, जागा दाखवली, टेबल, दिवा, गेज. सगळं ठीक होतं. पण तिथून प्रेसशॉप दिसतं. त्याच्या मशीनवर नवीन माणूस बसला होता, पल्लवी नावाच्या सुपरवायझरबाईंनी मागच्या आठवड्यात घेतलेला. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला समोर जाळी असते, ती त्याने वर बांधून ठेवली होती, माल लवकर निघावा म्हणून.

"मी पण बांधायचो," ज्ञानेश म्हणाला.

हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, आईला नाही. मशीन अचानक चाललं, असंच सगळ्यांना माहीत होतं.

"मग?" मनीषाने विचारलं.

"मग गेलो त्याच्याकडे. मशीन बंद कर म्हटलं. मोजा काढला आणि हात त्याच्यासमोर धरला. त्याने बघितला. सगळेच बघायला लागले, दोन-तीन मशीनं थांबली. साहेब चिडले, हर्षल मला ओढायला लागला. मी म्हटलं, हा जाळी खाली घेत नाही तोवर हलणार नाही."

"घेतली?"

"घेतली. आज तरी घेतली. उद्या पुन्हा वर बांधेल." त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला, पुन्हा उचलला. "पुन्हा बांधली तर पुन्हा जावं लागेल. म्हणून हो म्हटलं. पंधरा तारखेपासून."

मनीषाला काय वाटलं ते तिला नीट सांगता आलं नसतं. आनंद झाला, आणि जाळीच्या गोष्टीने भीतीही वाटली. "आधी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली.

"माझ्याच हाताने झालं, हे कसं सांगू?"

ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. सगुणाबाई आतून सगळं ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या, मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि चूल पेटवायला गेल्या.

पंधरा तारखेपर्यंत त्याला दम नव्हता. एसटीने गेलं तर शिफ्टला उशीर होतो, गाडीच न्यावी लागेल, असं म्हणून दुसऱ्याच दिवशी उन्हं वर यायच्या आत त्याने सप्टेंबरापासून उभी असलेली मोटरसायकल अंगणात काढली. क्लच डाव्या हाताला. लोकरीवरून तो घसरत होता, म्हणून त्याने मोजा काढून मनीषाकडे दिला. करंगळी आणि अर्ध्या अनामिकेने क्लच ओढला, सोडला, गाडीने उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती तुळशीवृंदावनाला जाऊन टेकली.

"राहू द्या आज," मनीषा म्हणाली.

"थांब."

चौथ्यांदा त्याने क्लच फार हळू सोडला, चेहरा दुखण्याने आवळून. गाडी सरकली, फाटकातून बाहेर पडली आणि चांदोरीच्या रस्त्याला लागली. दुसरा गिअर पडल्याचा आवाज आला, मग तिसरा. मनीषा हातात गरम मोजा धरून आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत उभी राहिली.