रुखवतातला झोपाळा

उदयसिंहांनी बायकोच्या शिलाई मशीनची करवत केली, तेव्हा कुमुदताईंनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. थोरली बहीण, राहायला समोरच्याच बिल्डिंगमध्ये. त्यामुळे त्यांचं न बोलणंसुद्धा दोन्ही बिल्डिंगना ऐकू जायचं.

"नीताला जाऊन वर्ष झालं नाही आणि हा तिचं मशीन मोडून बसला," असं त्या येईल त्याला सांगत. खरं म्हणजे मोडलं काहीच नव्हतं. वरचं मशीन उदयसिंहांनी पुसून, तेल घालून कपाटात ठेवलं होतं. खालचा लोखंडी सांगाडा, चाक आणि पॅडल तेवढं घेतलं आणि वर लाकडी चौकट उभारून सुईच्या जागी दोऱ्याएवढं बारीक पातं बसवलं. पॅडल मारलं की पातं खालीवर व्हायचं आणि प्लायवुडमधून कमळाची पाकळी, वेलीचा आकडा असं काय काय निघायचं. विमा कंपनीच्या ऑफिसात दिवसभर फायलींत डोकं घालणाऱ्या माणसाला संध्याकाळी कसला ना कसला नाद लागतोच. उदयसिंहांना हा लागला. नवीन पनवेलच्या त्या फ्लॅटची गॅलरी भुशाने भरली आणि त्यांची मुलगी अनुया चहाच्या कपावर बशी झाकून आणायला शिकली. पॅडलचा तो खटखट आवाज पुन्हा घरात आला याचं तिला बरंच वाटत होतं, पण हे तिने आत्याला कधी सांगितलं नाही.

मग अनुयाचं लग्न ठरलं. मुलगा इंद्रजीत, आपटा गावचा, रसायनीला नोकरीला. माणसं चांगली होती, देण्याघेण्याची कटकट नव्हती. उदयसिंहांची झोप उडवली ती रुखवताने.

रुखवत म्हणजे मुलीकडच्या बायकांनी आपल्या हातचं भरतकाम, मण्यांचं काम, फराळाची ताटं असं सगळं टेबलावर मांडायचं आणि मुलाकडच्या बायकांनी ते वाकून वाकून बघायचं. बघता बघता विचारायचं, "हे कुणी केलं?" उत्तर बहुतेक वेळा 'मुलीच्या आईनं' असंच असतं. उदयसिंह त्याच प्रश्नाला भ्यायले होते. टेबलावर काही उणं दिसलं, की कुणीतरी हळूच म्हणणार, 'आई नाही ना बिचारीला.' ते वाक्य अनुयाच्या कानावर पडता कामा नये, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला.

"रुखवतातली मोठी वस्तू मी करणार," त्यांनी बहिणीला सांगितलं.

"तू?" इतक्या दिवसांचा अबोला कुमुदताईंनी त्या एका शब्दात संपवला. "पुरुषानं रुखवत करायचं? उद्या पोरीची ओटीही तूच भरशील!"

"ओटी तू भर, ताई. झोपाळा मी करतो."

झोपाळाच का, हे त्यांनी सांगितलं नाही. नीताला झोपाळ्याची फार हौस होती. "हॉलमध्ये झोपाळा टांगला तर माणसांनी बसायचं कुठं?" असं म्हणत त्यांनी तो जन्मभर टाळला होता. आता निदान हातभर लांबीचा तरी होऊ दे, असं त्यांच्या मनाने घेतलं.

झोपाळ्याच्या पाठीला समोरासमोर दोन मोर आणि मध्ये वेलीची जाळी, असं चित्र त्यांनी काढलं. जुन्या पनवेलच्या वखारीतून चांगलं पातळ प्लायवुड आणलं आणि त्याचे दोन तुकडे एकावर एक ठेवून कडेला बारीक खिळे मारले. असं केलं की एकदाच कापून दोन सारख्या जाळ्या मिळतात. एक झोपाळा अनुयाला, दुसरा घरी. मुलगी गेल्यावर घर खायला उठेल, तेव्हा नजरेसमोर काहीतरी असावं, एवढाच त्यांचा लोभ होता.

या लोभापायीच काम फसलं. दुप्पट जाडीच्या लाकडाला पातं ताणून बसवावं लागतं. उदयसिंहांना ते पाठ होतं, पण लग्नघरातल्या घाईत त्यांनी पातं होतं तसंच चालवलं. वरचे मोर झोकात उतरले. खिळे काढून खालची जाळी उलटली, तर तिकडे पातं मनाला येईल तसं भरकटलं होतं. एका मोराची मान गलगंड झाल्यासारखी फुगली होती आणि तुरा कलंडला होता. उदयसिंह स्वतःवरच चिडले, पण पुन्हा कापायला वेळ कुठे होता? त्यांनी दोन्ही झोपाळे जोडले, पॉलिश केले, पितळेच्या साखळ्या लावल्या.

"खोक्यात बांधलाय तो तुझा," त्यांनी अनुयाला सांगितलं. "फळीवरचा वाकडा झालाय. तो घरी राहू दे. बघणारा मी एकटाच."

अनुयाने फळीवरचा झोपाळा बराच वेळ हातात धरला आणि परत ठेवला.

लग्नाच्या दिवशी सकाळी कार्यालयात पाहुण्यांना हात जोडता जोडता उदयसिंह रुखवताच्या टेबलापाशी आले आणि जागीच थबकले. मधोमध, लाल कापडावर, फुगल्या मानेचा मोर मिरवत होता. मुलाकडच्या बायका अजून चहाच घेत होत्या. उदयसिंहांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि दाराकडे धाव घेतली.

"बाबा, कुठे निघालात?" मुंडावळ्या बांधलेली अनुया खोलीच्या दारात उभी होती.

"अनू, खोक्यात चुकून वाकडा आला बघ. घरी जाऊन चांगला घेऊन येतो. विहीणबाईंनी बघायच्या आत."

"चुकून नाही आला. मी बदलला."

"अगं, पण का? सगळे बघणार आज!"

"सगळे आज बघतील आणि जेवायला जातील. तुम्ही रोज बघणार." अनुयाने डोळ्यांवर आलेल्या मुंडावळ्या बाजूला सारल्या. "मी ओळखते तुम्हाला. तो वाकडा घरी असता ना, तर तुम्हाला त्यात रोज तेवढी मानच दिसली असती. कानस घेऊन बसला असतात. आई दिसली नसती, मी दिसले नसते. चांगला तुमच्याकडे राहू दे. मला हाच हवाय."

उदयसिंहांना भरून आलं. लग्नघरात मुलीच्या बापाने इतक्या सकाळी रडायचं नसतं, म्हणून त्यांनी घसा खाकरून घेतला आणि किल्ली परत खिशात टाकली.

तोवर बायका टेबलाशी आल्या होत्या. विहीणबाईंनी एका बोटाने झोपाळ्याला हलकेच झोका दिला. साखळ्या किणकिणल्या. मग त्या वाकल्या आणि त्यांचं बोट नेमकं त्या फुगल्या मानेवर थांबलं.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

कुमुदताई उत्तर द्यायला पुढे सरसावल्या. त्यांच्या आधीच उदयसिंह बोलले, "आम्ही दोघांनी. मी आणि हिच्या आईनं."

विहीणबाई गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिल्या. नीताला जाऊन किती काळ झाला, हे त्यांना माहीत होतं.

"खरंय त्याचं," कुमुदताई पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "मशीन तिचंच आहे."